बाजूवरून घनाचं घनफळ कसं काढायचं: मोजपट्टीपासून लीटरपर्यंत

चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. ४ सेमी बाजूच्या घनाचं घनफळ ६४ घन सेंटिमीटर, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ६४ घसेमी. बाजूला बाजूने गुणायचं आणि जे येईल त्याला पुन्हा एकदा बाजूने गुणायचं, गणित एवढंच आहे.

तरीही उत्तर चुकतं, आणि गुणाकार बरोबर असूनही चुकतं. मी तपासलेल्या चुकीच्या उत्तरांत पाढे न येणारी मुलं फार थोडी होती. कुणी मीटर-सेंटिमीटरची गल्लत केलेली असते, कुणी टाकी बाहेरून मोजून आतलं पाणी काढलेलं असतं, तर कुणी मुळात घन नसलेल्या वस्तूला घन धरलेलं असतं. म्हणून इथे सूत्राबद्दल थोडं आणि सूत्राच्या अलीकडे-पलीकडे जे करावं लागतं त्याबद्दल जास्त लिहितो.

पायरी १: वस्तू खरंच घन आहे का ते बघा

घनाला सहा चौरस पृष्ठं असतात, सारख्या लांबीच्या बारा कडा आणि आठ शिरोबिंदू. खेळातला फासा डोळ्यांपुढे आणा. लांबी, रुंदी आणि उंची यांतलं एक जरी माप वेगळं असलं तर ती इष्टिकाचिती, आणि तिला लांबी × रुंदी × उंची हे सूत्र लागतं. घनात ही तिन्ही मापं एकच असतात, म्हणून एका बाजूवर भागतं.

हातात खरी वस्तू असेल तर एका कोपऱ्यात मिळणाऱ्या तीन कडा मोजा. तिन्ही सारख्या आल्या तरी लगेच सूत्राकडे धावू नका. पुठ्ठ्याचा घनाकृती खोका एका अंगाला कलला की त्याच्या कडा तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. पूर्ण चपटा केला तर कडा त्याच आणि घनफळ जवळजवळ शून्य! म्हणून प्रत्येक पृष्ठाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे असतील तर कोन काटकोन आहेत. कर्णाची लांबी बाजूच्या साधारण १.४१४ पट यायला हवी, म्हणजे १० सेमी बाजूला १४.१ सेमीच्या आसपास.

परीक्षेतल्या गणितात हे काही करावं लागत नाही. तिथे ‘घन’ हा शब्द दिसला की काम झालं.

पायरी २: तीनदा का गुणायचं ते एकदा डोळ्यांनी पाहा

‘चार त्रिक बारा’ असं उत्तर लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. सूत्रात (बाजू³) छोटा ३ वर लिहिलेला दिसतो आणि त्याला वाटतं, तीनने गुणायचं. सूत्र दहादा घोकून घेतलं तरी ही चूक परत येते. ठोकळे रचून दाखवले की सहसा येत नाही.

१ सेमी बाजूचे छोटे ठोकळे घ्या आणि ४ सेमीचा घन रचायला लागा. पहिल्या ओळीत ४ ठोकळे. अशा ४ ओळी शेजारी-शेजारी लावल्या की तळाचा थर तयार झाला, त्यात ४ × ४ = १६ ठोकळे. आता उंचीही ४ सेमी हवी, म्हणजे असे ४ थर एकावर एक. १६ × ४ = ६४. पहिल्या गुणाकाराने ओळींचा थर झाला, दुसऱ्याने थरांचा घन. एक छोटा ठोकळा म्हणजे १ घसेमी, म्हणून घनफळ ६४ घसेमी.

ठोकळे नसतील तर रुबिकचा क्यूब घ्या. एका थरात ९ तुकडे, असे ३ थर, म्हणून ३ × ३ × ३ = २७. (खरं तर आतला मधला तुकडा नसतोच, तिथे फिरवण्याची यंत्रणा असते, म्हणून मोजायला गेलात तर २६ भरतील. जागा मात्र २७ तुकड्यांची.) माझ्याकडच्या क्यूबची बाजू ५.७ सेमी आहे. अख्ख्या क्यूबचं घनफळ ५.७ × ५.७ × ५.७ = १८५.१९३ घसेमी. एका छोट्या तुकड्याची बाजू १.९ सेमी, त्याचं घनफळ ६.८५९ घसेमी, आणि ६.८५९ × २७ परत १८५.१९३. दोन वाटांनी एकच उत्तर आलेलं पाहिलं की सूत्रावर विश्वास बसतो.

म्हणून सूत्र असं:

घनफळ = बाजू × बाजू × बाजू = बाजू³

‘घन’ हा आकार आणि ‘संख्येचा घन’ हा गुणाकार, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो तो योगायोगाने नाही. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने घनाची व्याख्या करताना दोन्ही अर्थ एकाच ओळीत बसवले: तीन समान संख्यांचा गुणाकार म्हणजे घन, आणि बारा कडांची आकृती म्हणजेही घन.

पायरी ३: बाजू मोजताना

मोजपट्टीचं शून्य आणि पट्टीची कड एकाच जागी असतेच असं नाही. झिजलेल्या लाकडी पट्टीवर तर नसतेच. शंका आली तर १० च्या रेघेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा. लहान वस्तूला व्हर्नियर कॅलिपर (जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरहूनही बारीक मोजणारं साधन) उत्तम.

एवढी काळजी कशासाठी? कारण बाजूतली चूक घनफळात तिप्पट होते. १० सेमीची बाजू चुकून १०.१ मोजली, म्हणजे १ टक्क्याची चूक झाली. घनफळ १,००० च्या ऐवजी १,०३०.३ येतं, म्हणजे ३ टक्के जास्त. १०.२ मोजली तर १,०६१.२, सहा टक्क्यांहून जास्त. एकच चुकलेलं माप तीनदा गुणलं जातं, म्हणून हे असं होतं. लहान चुकीला ‘बाजूची टक्केवारी × ३’ हा अंदाज चालतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे उत्तरात दशांशाची शेपटी किती ठेवायची. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीवर एका ठोकळ्याची बाजू ७.५ सेमी आली. गुणाकार ४२१.८७५. कॅल्क्युलेटर तीन दशांश स्थळं दाखवतो म्हणून आपणही लिहून मोकळे होतो. पण पट्टी जेव्हा ७.५ म्हणते तेव्हा खरी बाजू ७.४५ ते ७.५५ यांत कुठेही असू शकते. ७.४५ चा घन ४१३.५ आणि ७.५५ चा घन ४३०.४. म्हणजे खरं घनफळ सतरा घसेमीच्या पट्ट्यात कुठेही आहे, आणि आपण मात्र हजाराव्या भागापर्यंत ठामपणे सांगतोय! हाताने मोजलेल्या वस्तूसाठी ‘सुमारे ४२० घसेमी’ हेच प्रामाणिक उत्तर. गणितात ‘बाजू ७.५ सेमी’ असं छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ४२१.८७५ पूर्ण लिहा, नाहीतर गुण जातील.

पायरी ४: आधी एकक बदला, मग गुणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आणि चूक थोडीथोडकी नसते, शंभरपट किंवा दहा हजारपट असते.

१ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० घसेमी? नाही. १ मीटरच्या घनाचा नुसता तळ बघा: १ सेमीचे ठोकळे एका ओळीत १००, अशा १०० ओळी, म्हणजे तळाच्या थरात १०,००० ठोकळे. असे १०० थर. एकूण १०,००,००० घसेमी, चक्क दहा लाख. बाजूच्या संख्येचा घन होतो तसाच एककाचाही होतो. घनमीटरचे घसेमी करताना १०० ने एकदा नाही, तीनदा गुणावं लागतं.

हे लक्षात ठेवण्याची कटकट टाळायचा सोपा उपाय आहे. उत्तर ज्या एककात हवं, त्याच एककात आधी बाजू लिहून घ्या. गुणाकार सगळ्यात शेवटी. बाजू ३५ मिमी आहे आणि उत्तर घसेमीत हवंय? ३५ चे ३.५ सेमी करा, मग ३.५ × ३.५ × ३.५ = ४२.८७५ घसेमी. आधी ३५ चा घन ४२,८७५ काढला तर पुढे १,००० ने भागायचं की १० ने, या घोळात पडाल.

लीटरसाठी तर याहून छान युक्ती आहे. १ लीटर म्हणजे १० सेमी बाजूच्या घनात मावेल तेवढं. म्हणून बाजू सेंटिमीटरमध्ये मोजा, तिला १० ने भागा आणि मग घन करा. थेट लीटर मिळतात. ६० सेमीची टाकी: ६ × ६ × ६ = २१६ लीटर. ४५ सेमीची: ४.५ × ४.५ × ४.५ = ९१.१२५ लीटर. मधे लाखांचे आकडे येतच नाहीत. १ घसेमी म्हणजे १ मिलिलीटर आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लीटर, एवढं जोडीला ठेवलं की पुरे.

पाण्याचं वजनही यातूनच कळतं. १ लीटर पाणी जवळपास १ किलोचं, म्हणजे ६० सेमीची भरलेली टाकी नुसत्या पाण्यानेच २१६ किलोची. टेबलावर ठेवण्याआधी टेबलाचा विचार करा. १९०१ ते १९६४ या काळात तर लीटरची अधिकृत व्याख्याच १ किलो शुद्ध पाण्याचं आकारमान अशी होती, आणि तो लीटर १,००० घसेमीपेक्षा दशलक्षात २८ भागांनी मोठा भरत होता. १९६४ साली ही व्याख्या रद्द झाली आणि लीटर परत सरळ १० सेमीच्या घनाइतका झाला.

फूट-इंचांत मोजणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. २ फूट ६ इंच म्हणजे २.६ फूट नव्हे. फुटात १२ इंच असतात, म्हणून ६ इंच म्हणजे अर्धा फूट आणि बाजू २.५ फूट. २.५ चा घन १५.६२५ घनफूट. २.६ धरलंत तर १७.५७६ येईल. फरक जेमतेम दोन घनफुटांचा दिसतो, पण १ घनफूट म्हणजे २८.३१७ लीटर, तेव्हा चूक ५५ लीटरची झाली. आणि १ घनफूट म्हणजे १२ × १२ × १२ = १,७२८ घनइंच; इथेही १२ नव्हे.

पायरी ५: गुणाकार, हाताने किंवा यंत्राने

आधी वर्ग, मग त्याला बाजूने गुणणं. ७.५ चा वर्ग ५६.२५, आणि ५६.२५ × ७.५ = ४२१.८७५. दशांशाची भीती वाटत असेल तर चिन्ह काढून ७५ चा घन करा, ४,२१,८७५ येतो. मग बाजूत दशांश चिन्हानंतर जितके अंक होते त्याच्या तिप्पट अंक उजवीकडून मोजून चिन्ह द्या. ०.३ चा घन ०.०२७ आहे, ०.२७ नाही आणि ०.९ तर नाहीच नाही. १ पेक्षा लहान बाजूचा घन बाजूहूनही लहान संख्या देतो, याचं मुलांना फार नवल वाटतं. वाटू द्या, आणि अर्ध्या बाजूचे आठ ठोकळे एकत्र करून पूर्ण घन होतो ते दाखवा. ०.५ चा घन ०.१२५, म्हणजे बरोबर एक अष्टमांश.

अपूर्णांक असेल तर अंश आणि छेद, दोघांचाही घन करा. साडेसात म्हणजे १५/२; घन ३३७५/८, म्हणजे तेच ४२१.८७५.

पूर्ण दशकाजवळची बाजू तोंडीही जमते. ४८ म्हणजे ५० वजा २. ५० चा घन १,२५,०००. त्यातून ३ × २,५०० × २ = १५,००० वजा, मग ३ × ५० × ४ = ६०० मिळवा, आणि शेवटी २ चा घन ८ वजा. उत्तर १,१०,५९२.

अनेक साध्या कॅल्क्युलेटरवर ७.५, मग गुणाकाराचं बटण, मग बरोबरचं बटण दोनदा दाबलं की घन येतो. तुमच्या यंत्रावर येतो का ते २ घेऊन तपासा. ८ दिसले पाहिजेत. घाताचं बटण वापरताना क्रम उलटा होऊ देऊ नका. ५ चा ३ रा घात १२५, ३ चा ५ वा घात २४३. दोन्ही आकडे तसे खरे वाटणारेच, म्हणून चूक चटकन दिसत नाही.

पायरी ६: उत्तर लिहिण्याआधी दोन क्षण थांबा

बाजू कोणत्या दोन पूर्ण संख्यांमध्ये आहे ते बघा. ७.५ ही ७ आणि ८ च्या मधे, तेव्हा उत्तर ३४३ आणि ५१२ च्या मधे हवं. ४२.१ किंवा ४,२१८ आलं असेल तर दशांश चिन्ह घसरलंय. १ ते १० चे घन पाठ असले की ही तपासणी आपोआप होते: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९, १०००.

शेवटचा अंकही चुगली करतो. बाजू २ ने संपत असेल तर घन ८ ने संपतो, ८ ने संपत असेल तर २ ने. ३ आणि ७ ची अशीच अदलाबदल. बाकी सगळे अंक स्वतःवरच संपतात. मघाशी ४८ चा घन ...९२ आला, म्हणजे निदान शेवट तरी बरोबर.

आणि एकक लिहिलंय ना? बाजू सेमी, पृष्ठफळ चौसेमी, घनफळ घसेमी. ६ सेमी बाजूच्या घनाचं एकूण पृष्ठफळ ६ × ३६ = २१६ चौसेमी आणि घनफळही २१६ घसेमी. आकडा एकच, पण एक वरून रंगवायला लागणारा पृष्ठभाग आणि दुसरी आतली जागा. असा योग फक्त ६ लाच जुळून येतो, त्यामुळे पेपर काढणाऱ्यांचा तो लाडका आकडा.

बाहेरची बाजू आणि आतली बाजू

हे मी स्वतः चुकून शिकलो. माझी काचेची माशांची टाकी बाहेरून तिन्ही बाजूंनी ५० सेमी होती. मी ५ चा घन करून १२५ लीटर काढले आणि त्या हिशेबाने पाण्यात औषध टाकलं. नंतर शांतपणे मोजलं. काच १ सेमी जाड, म्हणून आतली लांबी आणि रुंदी ४८ सेमी. वर झाकण नाही, तेव्हा उंचीतून फक्त तळाची काच जाते, म्हणजे ४९ सेमी. इथेच आतली जागा घन राहिली नाही, इष्टिकाचिती झाली: ४८ × ४८ × ४९ = १,१२,८९६ घसेमी, जवळपास ११३ लीटर. वर पाणीही काठापासून ५ सेमी खालीच होतं. ४८ × ४८ × ४४ = १,०१,३७६, म्हणजे १०१ लीटर आणि थोडं. औषध जवळजवळ पाव पट जास्त पडलं होतं. निम्मं पाणी बदलावं लागलं; मासे वाचले.

सहाही बाजूंनी बंद पेटी असेल तर आतली बाजू = बाहेरची बाजू − २ × जाडी. जाडी दोन्हीकडून जाते, हा २ विसरायचा नाही.

बाजू दिलेली नसेल तर

आधी बाजू शोधायची, मग नेहमीप्रमाणे घन. एकूण पृष्ठफळ १५० चौसेमी दिलं असेल तर ६ ने भागा, २५ येतील. त्याचं वर्गमूळ ५, घनफळ १२५ घसेमी. एका पृष्ठाचा कर्ण दिला असेल तर त्याला १.४१४ ने भागा. घनाच्या आतून समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारा लांब कर्ण असेल तर १.७३२ ने. बारा कडांची मिळून लांबी दिली असेल तर १२ ने.

उलट प्रश्नही येतो: अमुक लीटर मावतील असा घन हवा, बाजू किती ठेवू? तेव्हा घनमूळ काढायचं. ५ लीटर म्हणजे ५,००० घसेमी. १७ चा घन ४,९१३, थोडा कमी पडतो. १७.१ चा घन ५,०००.२, म्हणजे बाजू १७.१ सेमी. घनमुळाचं बटण नसलं तरी असा अंदाज करत दोन-तीन फेऱ्यांत हवं तेवढं अचूक उत्तर मिळतं.

बाजू दुप्पट केली की घनफळ दुप्पट होत नाही, आठपट होतं. मग घनफळ नेमकं दुप्पट हवं असेल तर बाजू किती वाढवायची? प्राचीन ग्रीक गणिती नेमकं हेच फक्त कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने रेखाटून दाखवायच्या मागे लागले होते, आणि ते होणं शक्यच नाही हे १८३७ साली पिएर वाँत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं. आपल्याला ती अट नाही. बाजूला १.२६ ने गुणा: १० सेमीचा घन १,००० घसेमीचा, १२.६ सेमीचा २,०००.४ घसेमीचा.